सरदारचा कान

नगरपालिकेच्या सभेत नुसता गदारोळ उडाला होता! नगरसेविका प्रमिलाताई सोनटक्क्यांनी ठरावच तसा मांडला होता: प्रत्येक पाळीव कुत्र्याला चिप बसवायची, म्हणजे मालक कोण ते लगेच कळेल.

नगराध्यक्ष दादासाहेब मिशीला पीळ देत गरजले, "कायदा कशाला? कुत्रा कुणाचा हे सगळ्या गावाला ठाऊक असतं!"

"मग काल पोस्टमनला चावला तो तुमचाच सरदार ना?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"छे! पुरावा काय? असले काळे कुत्रे गावात रग्गड आहेत."

प्रमिलाताई याचीच वाट बघत होत्या. हसू कसंबसं दाबून त्या खिडकीकडे धावल्या. खाली पालिकेची कुत्रे पकडायची गाडी उभी होती.

"अहो, गाडीतला तो चावरा काळा बेवारस ठरला! न्या त्याला नसबंदीला. आणि खूण म्हणून कानाचा तुकडा कापायला विसरू नका!"

गाडीतून ओळखीचं भुंकणं आलं. दादासाहेब खुर्ची पाडून उठले.

"खबरदार माझ्या सरदारच्या कानाला हात लावाल तर!"

सभागृह हास्यात बुडालं.

प्रमिलाताई वळल्या. "बघा दादासाहेब, चिप नसली की मालकाला असं स्वतः भुंकावं लागतं."

ठरावाच्या बाजूने पहिला हात दादासाहेबांचा वर गेला. दुसऱ्या हाताने ते आपलाच कान चोळत होते.