शेकोटीपाशी जागा होती

राजा कोण होता ते आता कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. त्या राज्यात नदीकाठी एक मोठं विद्यापीठ होतं. दर हिवाळ्यात तिथे तालवाद्यांचा उत्सव भरायचा. गावोगावच्या शाळा आपापल्या हलग्या घेऊन यायच्या. शेवटच्या दिवशी दोनच शाळा उरायच्या, आणि त्यांतल्या जिंकणाऱ्या शाळेच्या एका मुलाला विद्यापीठ शिकायला ठेवून घ्यायचं.

डोंगराकडच्या एका शाळेचे गुरुजी वर्षानुवर्षं इथे यायचे आणि हात हलवत परत जायचे. या खेपेला मात्र त्यांच्याकडे सगुणा होती. पोरीच्या हातात काय होतं म्हणून सांगू. तिने हलगीवर टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, ठेवलं की कामाला निघालेली माणसं वाटेत थांबायची. गुरुजींजवळ तिला शिकवायला आता काही उरलं नव्हतं. शिवाय विद्यापीठ मोठ्या मुलांना घेत नसे, आणि पुढच्या वर्षी सगुणाचं वय उलटणार होतं. आत्ता नाही तर कधीच नाही, हा घोर गुरुजींच्या जिवाला लागला होता.

सगुणाच्या जोरावर गुरुजींची शाळा शेवटच्या दोन शाळांत आली. शेवटच्या दिवशी सकाळी नदीवरून असं धुकं आलं की हातभर अंतरावरचं दिसेना. हलगीचं कातडं मोठं नाजूक. जरा ओल लागली की सैल पडतं, मग कितीही बडवा, नुसतं भदभद वाजतं. ते विस्तवावर शेकून ताठ करावं लागतं. गुरुजी हुशार, त्यांनी कोरडी लाकडं आधीच झाकून ठेवली होती. त्यांनी ऐसपैस शेकोटी पेटवली आणि मुलं हलग्या शेकू लागली.

इतक्यात उरलेल्या दुसऱ्या शाळेच्या बाई आल्या. वयाने थकलेल्या, आणि मागे थंडीने काकडलेली मुलं.

"गुरुजी, आमची लाकडं भिजली हो. घटकाभर आमच्याही हलग्या शेकू द्या."

गुरुजींनी शेकोटीकडे पाहिलं. जागा होती. मग त्यांनी सगुणाकडे पाहिलं. मनात आलं, आजच्या सवाल-जवाबात यांचा जवाब मिळमिळीत निघाला तर आपला सवाल अधिकच उठून दिसेल.

"दिलं असतं हो बाई, पण विस्तव आमच्यापुरताच आहे."

बाई मुलांना घेऊन धुक्यात निघून गेल्या. सगुणाचा हात थांबला होता, पण गुरुजींनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

शेवटचा सामना सवाल-जवाबाचा असायचा. एका शाळेने बोल वाजवायचा, दुसरीने तो उचलून त्यात भर घालायची, मग पहिलीने तो वाढलेला बोल उचलून आणखी पुढे न्यायचा. आता तुम्ही विचाराल, हे गुरुजींना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण त्या सकाळी त्यांना सगुणाखेरीज काही सुचतच नव्हतं.

सगुणाने सवाल टाकला. असा खणखणीत की सभा सरसावून बसली. समोरून जवाब आला भद, भद, भद. ती मुलं जीव तोडून वाजवत होती, पण सैल कातड्यातून बोल उमटेना. त्यांनी भर काय घातली तेच कळेना. सगुणा कान टवकारून ऐकत राहिली, पण उचलायला काही हाती लागेना. शेवटी तिने अंदाजाने टिपरू टाकलं, ते चुकलं. तिच्यामागे वाजवणाऱ्या मुलांनी भलतंच उचललं, आणि बघता बघता सगळा ताल विस्कटला.

निवाडा करणाऱ्या विद्यापीठाच्या आचार्यांनी हात वर केला. "सवाल चांगला होता," ते म्हणाले, "पण जवाबाशिवाय तो पुढे जायचा कसा? यंदा कुणालाच घेता येणार नाही."

परतीच्या वाटेवर सगुणा हलगी पाठीला लावून चालत होती. गाव दिसायला लागलं तेव्हा तिने हळूच विचारलं, "गुरुजी, शेकोटीपाशी जागा होती ना?"



पुढे दर हिवाळ्यात गुरुजी गाडीभर कोरडी लाकडं घेऊन विद्यापीठाच्या दारात यायचे. येईल त्या शाळेला म्हणायचे, "या, शेकून घ्या." लोक त्यांचं कौतुक करायचे, आणि तेच त्यांना बोचायचं. त्यांच्या शेकोटीपासून उठून कितीतरी मुलं त्या दारातून आत गेली. सगुणा गेली नाही. ती डोंगरापलीकडे सासरी गेली, आणि तिची हलगी शाळेच्या खुंटीवर राहिली.

तेव्हा लहानथोर हो, एवढं गाठीला बांधा: ज्याच्या जोडीने वाजवायचं, त्यालाच मुकं केलं तर आपलाही ताल बुडतो.