यसबाची पाठ आणि कडुनिंबाचा पाला

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात यसबा नावाचा एक भोळा गवंडी राहत होता. त्याची पाठ सतत दुखे. लग्न जुळत आले होते, मात्र होणारे सासरे बाबाजी यांनी बजावले होते, "साखरपुड्याला ताठ उभे दिसा. पाठ धरून बसणाऱ्याला मी मुलगी देणार नाही."

यसबा वैद्यबुवांकडे गेला. बुवांनी पाठ नीट तपासली.

"हाडाला इजा नाही. दुखणं खरं आहे. पण मनाला आता त्याची सवय जडली आहे. कळ आली की कडुनिंबाचा पाला द्यायचा. कळेमागे कडू येतं हे मनाला उमजलं, की सवय सुटेल."

कळ पाठीत येत होती. म्हणून यसबाने पाला वाटून पाठीला दिला.

"बुवा, पाठ खात नाही."

"अरे, पाठीला तोंड आहे का? तोंडात घालायचा!"

दुसऱ्या दिवशी विटा उचलताना कळ आली. समोर मुकादम तोंड उघडून ओरडत होता. यसबाने पाला त्या तोंडात घातला. काम गेले. तो पुन्हा बुवांकडे गेला.

"स्वतःच्या तोंडात रे, शहाण्या! आणि साखरपुड्याला कळेची वाट पाहू नकोस. पाहुणे दिसले की चावायला लाग."

हा सल्ला यसबाने अचूक पाळला. पाहुणे आले तेव्हा आई पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभी होती. शेजारी यसबा ताठ उभा राहून पाला चावत होता. आता, त्या भागात मयताहून परतलेली माणसेच दारात असा पाला चावतात आणि पाय धुऊन आत जातात.

बाबाजींनी टोपी काढली. "अरेरे! कोण वारलं?"

यसबा गोंधळला. वडीलधारा माणूस विचारतो, म्हणजे कुणीतरी वारलेले असणारच.

"आये, तू जिवंत आहेस ना?"

"मुडद्या, आज तरी शुभ बोल!"

त्याने आत डोकावले. काका पान लावत होते. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. उरला एकटा यसबा. त्याने सावधपणे पाठ चाचपली. कळ नव्हती. वाकून पाहिले. तरीही नव्हती. असे पूर्वी कधीच झाले नव्हते.

"मामा," तो जड आवाजात म्हणाला, "पाठ जरासुद्धा दुखत नाही. मीच वारलोय."

मग तो ओट्यावर सरळ आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले.

"एवढ्या लांबून आलाच आहात, तर खांदा देऊनच जा."