पंगतीतली हार्ड डिस्क

लग्नाला महिना झाला तरी चुलतसासरे आप्पासाहेबांचा मुक्काम काही हलेना. पूजेच्या पंगतीत त्यांनी नव्या सुनेला, हर्षदाला, वाढता वाढता अडवलं. "कॉम्प्युटरवाली ना तू? हार्ड डिस्क जोडायच्या साटा, एनव्हीएमई आणि यूएसबी या तीन पद्धतींतला फरक या बायामंडळींना समजेल असा सांग. नाही जमलं तर नोकरी सोड!"

हर्षदानं वरणाचं भांडं खाली ठेवलं. "साटा म्हणजे सगळ्या पंगतीला एकच वाढपी. एनव्हीएमई म्हणजे प्रत्येक ओळीला वेगळा, म्हणून वाढणं झटपट."

"आणि यूएसबी?"

"ती बाहेरून येते, आप्पा. तिला एकदम उपटायचं नसतं. आता निघा, असं आधी नीट सांगावं लागतं."

पंगत खो खो हसली. सासूबाईंनी सुनेला डोळ्यांनीच ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदा ऑफिसला निघाली आणि आप्पासाहेब एसटी स्टँडला.