सैल पट्टा

गाणी तबकडीवर मिळायची त्या काळी, मिरजेच्या गंगाधरअण्णा तांबटांकडे एक रेकॉर्ड प्लेअर होता. त्यावर त्यांच्या दिवंगत पत्नीचं गाणं वाजे. एकदा ते रेंगाळू लागलं.

"तू सैल झालायस," मोटर तिच्या जोरावर तबकडी फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याला म्हणाली. "अण्णांना दिसू दे."

"मला फेकून देतील. तूच जोरात फिर."

अण्णा तपासायला वाकले की पट्टा अंग ताणून बसे. मोटरच मंदावली असं समजून अण्णा स्क्रू पिळून तिचा वेग वाढवत राहिले. एके दुपारी मोटर जळाली.

कारागीर म्हणाला, "अण्णा, दोष पट्ट्याचा होता. ही मोटर आता मिळत नाही."

अण्णांनी तबकडी धोतराच्या फडक्यात गुंडाळली. कारागिराने मोटर काढली आणि पट्टाही तिच्यासोबत कचऱ्यात टाकला.