केळीच्या पानाएवढी मागणी

फार पूर्वी जंगलात बाजार भरे. नदीपल्याडच्या उंदराकडून धान्य मागवताना प्रत्येक जण पानावर आपल्याच खुणा करी आणि बिचाऱ्या उंदराचं डोकं फिरे. शेवटी सभेनं ठरवलं, खुणा सगळ्यांच्या एकच.

हत्ती म्हणाला, "खुणांत माझ्या सोंडेची लांबी हवीच." मोरानं पिसाऱ्याला जागा मागितली, साळिंदरानं काट्यांना. पळसाचं पान पुरेना, म्हणून केळीचं आणलं. ते घेऊन निरोप्या पारव्याला उडताच येईना.

"मेल्यांनो, माझी पिल्लं उपाशी आहेत!" सुगरण कडाडली. "काय हवं, किती हवं, कुणाला हवं, एवढंच उंदराला लागतं. तुमची सोंड काय दळायचीय त्याला?"

तिनं पानाचा कोपरा टरकावला आणि कुणालाही कळतील अशा तीन खुणा केल्या. पारवा भुर्रकन गेला, राळ्याचे दाणे घेऊन आला.

सभा अजून चालूच आहे. कोपरा गोल फाडावा की चौकोनी, यावर.