दार लागायच्या आधीची माफी

एका गावात एक भोळा तेली होता, हसाजी. कोकणातल्या बेने इस्राएलांपैकी, म्हणजे ज्यू. शनिवारी घाणा बंद, बाकी दिवस डोकं बंद.

एकदा थोरला भाऊ एलोजी त्याला म्हणाला, "बैल बघ रे, मी आलोच." हसाजीनं बैल बघितला. भांडं भरून तेल जमिनीवर वाहिलं, तरी तो बैलच बघत बसला. तेव्हापासून भावांचा अबोला.

आज दार फाळणीचा सण लागायचा होता. सूर्य बुडाला की दारं लावून घ्यायची, पाण्याचा थेंबही न घेता देवाची क्षमा मागायची. पण आधी माणसाची मागायला हवी. म्हातारी आई रडकुंडीला आली. "माझे दोन्ही लेक एका दाराआड बसू देत. जा, हात जोड, चुकलो म्हण."

हसाजी गेला. "दादा, चुकलो."

"काय चुकलास?"

"ते आईनं नाही सांगितलं."

एलोजीनं त्याला हाकललं. आई म्हणाली, "अरे, चूक नाव घेऊन सांगावी."

हसाजी परत गेला. "दादा, तेल सांडलं ते चुकलं. तुझी कोंबडी मीच सोडली. फणसही मीच खाल्ला."

"कोंबडीपण तूच?" एलोजी काठी घेऊन धावला.

आईनं कपाळावर हात मारला. "नुसत्या बोलण्यानं भागत नाही रे. जिथं नुकसान केलंस, तिथं जाऊन भरून दे."

हसाजीनं घरातला तेलाचा बुधला उचलला, एलोजीच्या घाण्यापाशी नेला आणि तेल सांडलं होतं बरोब्बर तिथंच ओतला. एलोजी धावत आला तो घसरून सपशेल आडवा. मागोमाग आई धापा टाकत आली. "मेल्या, सूर्य बुडाला! दार लाव!"

हसाजीनं घाण्याच्या खोलीचं दार लावलं. तिघंही आत.

आता बाहेर पडता येईना, आणि उपासात रागावता येईना. एलोजी कंबर धरून प्रार्थना म्हणू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सण सुटला, तेव्हा तो हसत होता आणि डोळ्यांत पाणी होतं. "ये रे गाढवा, माफ केलं." दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. आईला एवढा आनंद झाला, की ती म्हणाली, "दरवर्षी असंच करा रे बाळांनो!"

दोघांनी घाणा एकत्र केला. वर्ष छान गेलं. पुन्हा तो सण आला. दिवस मावळताना एलोजी घाण्यावर आला, तर घोट्यापर्यंत तेल. वर्षभराचे सगळे बुधले पालथे.

हसाजी दार लावायला तयार उभा होता. म्हणाला, "दादा, गेल्या वर्षी माझा एकट्याचा बुधला होता. यंदा आपलं एकत्र आहे ना! पड आता."