कुंकवाखालचा आकडा

ही गोष्ट मला नीट आठवते आहे की नाही, याबद्दल माझी खात्री नाही. राजाने बक्षिसे सात ठेवली होती की नऊ, आणि राजधानीला जायला दोन दिवस लागत की तीन, हे मी कधी एक सांगतो, कधी दुसरे. जिच्याकडून ऐकली ती आत्या आता नाही, त्यामुळे विचारायची सोय उरलेली नाही. मी सात आणि दोन धरून चालतो. कुणी चूक दाखवली, तर ती माझी समजावी, गोष्टीची नव्हे.

तर, पुष्कळ पूर्वी, जेव्हा राजेही आपल्या मुलखात पायी हिंडत, तेव्हा एका राज्यात दरवर्षी सोडत निघत असे. राजाला गावोगाव तलाव खोदायचे होते, पण कर वाढवायचा नव्हता. म्हणून सुगी झाली की त्याची माणसे चिठ्ठ्या विकायला निघत. चिठ्ठी म्हणजे ताडपत्राची एक पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना एकच आकडा कोरलेला असे. विकणारा ती पट्टी घेणाऱ्यासमोर मधोमध हाताने फाडी. अर्धी घेणाऱ्याच्या हातात देई, अर्धी राजाच्या पेटीत टाकी.

अमावास्येला राजधानीत सोडत होई. ज्याचा आकडा निघेल त्याने पौर्णिमेच्या आत आपली अर्धी पट्टी घेऊन खजिन्यावर हजर व्हायचे. नाही आला, तर बक्षीस तलावाच्या कामाला परत. बक्षिसे सात होती, पण लोकांच्या तोंडी एकच असे, पहिले. हंडाभर मोहरा. दवंडीही त्या एकाच आकड्याची फिरे. बाकीचे सहा आकडे खजिन्याच्या भिंतीवर लिहून ठेवत, आणि ती भिंत वाचायला खेड्यातून कोण जातो?

त्या राज्यात एका गावाबाहेर बुरुडांची वस्ती होती. तीस घरे. वस्तीला लागून बांबूचे एक बन होते आणि त्या बनावर ती तीस घरे जगत होती. सुपे, टोपल्या, कणग्या, पाळणे, सगळे त्याच बांबूचे. बन मात्र त्यांचे नव्हते. बनाच्या धन्याने त्या वर्षी निरोप धाडला की शिमगा झाला की मी बन तोडणार आणि तिथे ऊस लावणार. कुणाला बन हवे असेल तर विकत घ्यावे. त्याने सांगितलेली किंमत ऐकून वस्तीतली माणसे हसलीसुद्धा नाहीत. बन गेले की वस्ती मोडणार, प्रत्येक घर वेगळ्या वाटेने जाणार, हे सगळ्यांना कळले होते.

त्या वस्तीत ठकू नावाची बाई होती. नवरा टोपल्या घेऊन बाजार हिंडायचा. घरी ती आणि तिचा म्हातारा सासरा. चिठ्ठीवाला दारात आला तेव्हा तिने दोन सुपे देऊन एक चिठ्ठी घेतली. त्याने आकडा एकदा मोठ्याने वाचून दाखवला. तो पुढच्या घरी पोचेपर्यंत ठकू तो विसरली. तिला त्याचे काही वाटले नाही. आकडा पानावर लिहिलेला आहे, तो कुठे जातो?

आता, त्या वस्तीची एक रीत होती. घरात नवी वस्तू आली, मग तो कोयता असो, मडके असो की शेळीचे करडू, तिला तेल लावून हळद-कुंकू वाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. ठकूने चिठ्ठी देवाजवळ ठेवली आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचे एक बोट लावले. शेजारणीला कळले, तिने एक लावले. मग वस्तीभर झाले. बन वाचवणारे पान ठकूच्या घरात आहे म्हणून बाया दर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागल्या. प्रत्येकीचे एक बोट.

सासरा हे बघत बसायचा. एकदा तो म्हणाला, “सूनबाई, देवाला काही ठेवलंय का? की सगळं त्या पानालाच?”

“मामंजी, देव आपल्याकडे जुनाच आहे. पान नवं आहे.”

अमावास्या येईतो पट्टी वाळल्या मिरचीसारखी दिसू लागली होती.

तिसऱ्या दिवशी दवंडी आली. पहिले बक्षीस चार हजार एकशे अकरा. वस्तीत वाचता कुणालाच येत नव्हते, म्हणून गावातल्या वाण्याला बोलावून आणले. त्याने पट्टी उलटसुलट केली आणि विचारले, यात वाचायचे काय? ठकूने ओल्या फडक्याने हलकेच पुसले, तर कुंकू आणखी पसरले. एका टोकाला आकड्याची शेपटी तेवढी दिसली. वाणी म्हणाला, ती एकाची असेल किंवा नवाची असेल. पण चार हजार एकशे अकरात तीन एक आहेत, एवढे ऐकल्यावर वस्तीने कुणाचे ऐकले नाही. शेपटी एकाचीच ठरली. मोहरा ठकूच्याच ठरल्या.

ही बातमी शेजारच्या गावी पोचली आणि तिथला एक गृहस्थ आला. तो लोकांची पत्रे लिहून पोट भरत असे. त्याने पट्टी पाहिली आणि सांगितले की काळजीचे कारण नाही. वरचे कुंकू खरवडून काढू, फाटलेली कड कापून सरळ करू आणि चार हजार एकशे अकरा पुन्हा स्वच्छ कोरून देऊ. मोबदल्यात अर्ध्या मोहरा.

ठकूने विचारले, “आणि हा आकडा आमचा नसला तर?”

“बाई, तुझा असला तर मी फक्त धूळ पुसली. नसला तर कुणाला काय कळतंय?”

वस्तीतल्या बहुतेकांना हे पटले. तीस घरांचा प्रश्न होता, आणि नव्याण्णव हिश्शांनी आकडा आपलाच आहे असे ते एकमेकांना सांगत होते. ठकूलाही वाटले की द्यावी पट्टी. ती दिवसभर बनाच्या कडेला बसून राहिली. बांबू वाऱ्याने एकमेकांवर घासत होते. तो आवाज पुढल्या वर्षी नसेल, हे तिला दिसत होते.

संध्याकाळी ती उठली आणि त्या गृहस्थाला म्हणाली, “आकडा आमचा असेल, तर खरा असून खोटा करून का न्यायचा? आणि आमचा नसेल, तर कुणाचा तरी आहे ना? त्याच्याही घरी कुणी वाट बघत असेल.”

तो गृहस्थ खांदे उडवून निघून गेला. बाया ठकूवर रागावल्या. एकीने तोंडावर सांगितले की तुझ्या खरेपणाच्या टोपल्या विणून पोरं जगणार आहेत का? ठकूने पट्टी फडक्यात गुंडाळली. सासरा म्हणाला, मी येतो, आणि दोघे राजधानीच्या वाटेला लागले.

खजिन्यावर पोचली तेव्हा पौर्णिमेला एक दिवस उरला होता. ओट्यावर एक म्हातारा कारकून बसला होता. ठकूच्या पुढे तीन पुरुष होते. तिघांच्या हातात स्वच्छ, सरळ कडेच्या पट्ट्या होत्या. कारकुनाने पहिल्याला आकडा विचारला. चार हजार एकशे अकरा. खात्री आहे? देवाशपथ. कारकुनाने त्याला बाजूच्या बाकावर बसवले. दुसऱ्याचा आकडा तोच आणि शपथही तीच. तिसऱ्याचेही तसेच. तिघे बाकावर एकमेकांकडे बघेनात.

मग ठकूची पाळी आली.

“आकडा कोणता?”

“ठाऊक नाही.”

“मग आलीस कशाला?”

“तुम्हाला ठाऊक असेल म्हणून.”

बाकावरचा एक जण हसला. कारकून हसला नाही. त्याने फडके उलगडले आणि पट्टीकडे बराच वेळ पाहिले. हिचे हे काय केलेत, असे त्याने विचारले.

ठकूच्या आधी सासरा बोलला, “पूजा केली, धनी. आमच्यात नव्या वस्तूची करतात. जुन्या माणसांना कुणी बोट लावत नाही.”

कारकुनाच्या ओठांचा कोपरा हलला. तो आत गेला आणि एक छोटी पेटी घेऊन आला. त्याने सांगितले की सातांपैकी चार बक्षिसे लोक घेऊन गेले. तीन उरली आहेत. त्या तीन आकड्यांच्या राजाकडच्या अर्ध्या पट्ट्या या पेटीत आहेत. ताडपत्र हाताने फाडले की त्याचे दोर, म्हणजे तंतू, वेडेवाकडे तुटतात, आणि एक पान तुटते तसे दुसरे कधी तुटत नाही. आकडा दिसला नाही तरी चालेल. कड जुळली की झाले.

ठकूने मान हलवली. हे तिला कुणी सांगायला नको होते. उभा जन्म ती बांबूचे दोर फाडत आली होती.

कारकुनाने पहिली अर्धी पट्टी तिच्या पट्टीला लावली. जुळली नाही. दुसरी लावली. सुरुवातीचे दोर बसले, पण पुढे फट राहिली. तिसरी त्याने सावकाश आणली. एकेक दोर दुसऱ्यात जाऊन बसला आणि पट्टी अखंड झाली.

“एक हजार तेहेतीस,” कारकून म्हणाला. “सातवं बक्षीस.”

म्हणजे मोहरा नव्हत्या. ठकूने डोळे मिटून घेतले. तिला बनाची किंमत आठवली असावी.

कारकून पुढे म्हणाला की मोहरा तर नवव्या दिवशीच एक नावाडी घेऊन गेला. त्याची कड सगळ्यांसमोर जुळली. ते ऐकून बाकावरचे तिघे उठू लागले; पण दारात शिपाई उभे होते. चार हजार एकशे अकरा देऊन झाला असताना जो कोणी तो आकडा घेऊन येई, तो स्वतःच्याच हाताने पकडला जाई.

मग त्याने ठकूला सातवे बक्षीस काय ते सांगितले. नदीच्या वळणावरची पडीक जमीन, वीस बिघे. दरवर्षी राजा ती ठेवतो आणि दरवर्षी ती परत येते, कारण पावसाळ्यात पुराचे पाणी चढते. तिथे ज्वारी होत नाही, घर बांधता येत नाही. नको असेल तर तसे सांग, मी लिहून घेतो.

ठकू म्हणाली, “पाणी किती दिवस राहतं?”

“आठ-दहा दिवस.”

सासऱ्याने विचारले, “आणि खाली राहतं काय? वाळू की गाळ?”

“गाळ.”

म्हातारा अमावास्येपासून पहिल्यांदा हसला. “लिहा, धनी. पण सुनेच्या नावावर लिहा.”

वस्तीत परतल्यावर कौतुक झाले असे म्हणता येणार नाही. मोहरा आणायला गेली आणि चिखल घेऊन आली, असे लोक बोलले. पण शिमग्याला बन तुटले तेव्हा धन्याला बुंध्याखालचे गड्डे उपटून हवेच होते, उसाच्या आड येत होते. बुरुडांनी ते फुकट खणून दिले, गाड्यांत भरले आणि नदीच्या वळणावर नेऊन लावले. जमीन ठकूची होती, पण तिने तीस घरांना तीस पट्टे आखून दिले. त्यांत तिला तोंडावर बोललेल्या बाईचाही एक होता.

पहिली चार वर्षे फार जड गेली. डोंगरातून बांबू वाहून आणावा लागे आणि कित्येक घरांत एकवेळच चूल पेटे. दोन घरे सोडून गेली. पाचव्या वर्षी पहिली तोड झाली. सोडून गेलेल्यांतले एक घर परत आले.

ते तिघे आणि त्यांना पट्ट्या कोरून देणारा तोच पत्रे लिहिणारा गृहस्थ वर्षभर तलावावर माती वाहत होते. पौर्णिमेला कारकुनाच्या पेटीत दोन अर्ध्या पट्ट्या तशाच पडून राहिल्या. त्यांचे जोडीदार त्या तिघांच्याच हातात होते की काय, हे त्याला कधी कळले नाही. जुने आकडे खरवडलेले होते आणि कडा कापलेल्या होत्या.

जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावे. दुसऱ्याचे आपले म्हणून मागायला गेले, की आपले असलेलेही हातचे जाते.

ही गोष्ट मुलांना सांगताना एक शंका मला बोचत असे. आठ-दहा दिवस पाण्यात राहिलेला बांबू जगतो का? मी पुष्कळ शिकलो, पण हे कुठे शिकलो नव्हतो, आणि न पडताळता सांगतो आहे याची लाज वाटे. बऱ्याच वर्षांनी, पूर ओसरल्यावर, एका नदीकाठी जाण्याचा योग आला. उघडा काठ दोन हात खचून वाहून गेला होता. त्याला लागूनच बांबूची बेटे होती. तिथला काठ जागचा हलला नव्हता. खोडांना गुडघाभर गाळ बसला होता आणि एका बेटाच्या बुडाशी त्या गाळातून नवे कोंब वर आले होते. मी दोनदा मोजले. अकरा होते.